पाऊणकी आणि समुद्र

मंडळी, पाऊणकी हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी... आमच्या पिढीने हे पाढे सकाळी सकाळी ओरडून म्हटले आहेत. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. दशमान पद्धत आली, नवे पैसे आले आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. वाण्याच्या हिशोबापलीकडे त्यांचा काही उपयोग होता असं आता कुणाला वाटत नाही. पण आमच्या अलिबागकडच्या किनाऱ्यावर पाऊणकी वाण्यापेक्षा समुद्राला जास्त लागायची. आजोबा पहाटे ओटीवर बसून विचारत, "आज काय गं, चौथ ना? मग तीनला भरती." झालं! घड्याळ नाही, तक्ता नाही. चार पाऊण तीन.

हिशोब असा. पंचांगातली तिथी घ्यायची, शुद्ध असो वा वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, आमच्याकडचा शब्द सुकती. पौर्णिमा आणि अमावास्या संपली की पुन्हा एकपासून सुरुवात.

शिक्षकी पेशातल्या माणसाला नियम सांगून गप्प बसवत नाही, म्हणून थोडं गणित. चंद्राची एक फेरी तीस तिथींची. तेवढ्या काळात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकून पुन्हा मूळ जागी येते. चोवीस तासांना तिसांनी भागलं की एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे बरोबर दोन घटका! पाऊण तास धरला की तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, आणि पंधराव्या तिथीला ही चूक पाऊण तासाची होते. पाढ्याप्रमाणे पंधरा पाऊण सव्वाअकरा, पण खरी भरती येते बाराच्या सुमाराला. आजोबांना हे ठाऊक असावं, कारण पौर्णिमा-अवसेला ते पाऊणकी म्हणतच नसत, सरळ "बाराची भरती" म्हणत.

नियम किती चालतो ते पाहायचं असेल तर २६ जुलै २००५ आठवा. मुंबई बुडाली तो दिवस विसरणं कठीणच आहे. गुरुपौर्णिमा होती २१ जुलैला. म्हणजे २६ हा पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस. पाच पाऊण पावणेचार. त्या दिवशीच्या भरतीची नोंद आहे दुपारी ३ वाजून ५० मिनिटं, उंची ४.४८ मीटर. आजोबांचा हिशोब आणि सरकारी नोंद यांत पाच मिनिटांचा फरक! (प्रत्येक वेळी इतकं जुळत नाही हेही सांगते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचाच. शिवाय हा नियम मुंबई-अलिबागकडचा. दक्षिणेला रत्नागिरी, गोव्याकडे जाल तशी भरती थोडी आधी येते.)

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी किती चढणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप वर येतं आणि तितकंच खूप मागे जातं. भांगाला ना धड येत, ना धड जात. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची गंमत अशी, की उत्तरेकडे जावं तसं हे चढउतरणं वाढत जातं. गोव्याला साधारण दोन मीटरच्या आसपास, मुंबईला उधाणाच्या दिवशी चार मीटरच्या आसपास, आणि खंबायतच्या आखातात तर दहा मीटरांच्या घरात. दहा मीटर म्हणजे तीन मजली घर! म्हणून गोव्याच्या माणसाचं समुद्राचं ज्ञान अलिबागला अपुरं पडतं आणि अलिबागचं भावनगरला.

खंबायतचं नाव निघालं म्हणून जरा जुन्या काळात जाऊ या. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यासारखीच. त्या पाण्यावर वाढलेली ग्रीक माणसं आपल्याकडे आली तेव्हा त्यांची काय गाळण उडाली याच्या नोंदी आहेत. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराचं आरमार सिंधूच्या मुखाशी आलं. ओहोटी लागली आणि जहाजं कोरड्यावर बसली. सैनिकांना काय झालं ते कळेना. तेवढ्यात पाणी परत आलं आणि चिखलात तिरकी रुतलेली जहाजं एकमेकांवर आपटून फुटली. सिकंदराला लढाईत जे क्वचितच कुणी केलं ते चंद्राने केलं!

त्यानंतर साधारण चारशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. लेखकाचं नाव माहीत नाही. भडोचच्या खाडीबद्दल तो जे लिहितो ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. आत्ता जिथे जहाज तरंगत होतं तिथे बघता बघता जमीन दिसू लागते, आणि भरतीचा लोंढा येण्याआधी दुरून सैन्याच्या गलक्यासारखा आवाज ऐकू येतो, असं त्याने सांगितलं आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी माहिती. भडोचच्या राजाच्या नोकरीत कोळी होते. ते आपल्या लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत परदेशी जहाजांना सामोरे जात, आणि भरतीबरोबर त्यांना उथळातून ओढून आत आणत. ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबत. भरती आली की पुन्हा पुढे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ जाणणारी माणसं पगारी होती.

हे मुद्दाम सांगितलं, कारण मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट खरी महत्त्वाची वाटते. डोंगराचा कडा जिथे आहे तिथे तो सकाळी असतो आणि संध्याकाळीही असतो. तिथे कठडा बांधता येतो, पाटी लावता येते. किनाऱ्याचा धोका तसा नाही. तो जागेत नसून वेळेत आहे. दहा वाजता ज्या पुळणीवर पोरं क्रिकेट खेळतात तीच जागा तीन वाजता पुरुषभर पाण्याखाली असते. मग त्यापासून वाचायचं तर वेळ कळायला हवी, नाहीतर वेळ कळणारा माणूस बरोबर हवा. तिसरा उपाय म्हणजे समुद्रच अडवून टाकायचा. आपल्या इतिहासात हे तिन्ही झाले आहेत.

वेळ ओळखून बांधलेली वास्तू म्हणजे आमचा कुलाबा किल्ला. मार्च १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायचा हुकूम दिला, पुढच्याच महिन्यात महाराज गेले आणि बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की किल्ला समोर पाण्यात दिसतो. सुकतीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग चहूबाजूंनी कायम पाण्यात. कुलाबा मात्र दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा जमीन. म्हणजे समुद्रच दिवसातून दोनदा पूल उचलून घेतो, तोही पगार न घेता. कान्होजी आंग्र्यांनी हे ठाणं आपलं केलं, आणि १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले तरी त्यांना ते घेता आलं नाही. (बाजीराव ऐन वेळी धावून आले हे त्याचं मोठं कारण, त्याचं श्रेय भरतीला द्यायला नको!)

शाळेत असताना मुलांच्या सहली घेऊन मी या किल्ल्यावर कितीदा गेले याची गणती नाही. १९८० च्या दशकातली एक सहल लक्षात राहिली. बस वाटेत बंद पडली आणि किनाऱ्यावर पोचायला दोन तास उशीर झाला. समोर वाळू अजून कोरडी होती, किल्ल्याचा दरवाजा दिसत होता आणि साठ मुलं उड्या मारत होती. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मी विचारलं. त्याने मान वर न करताच सांगितलं, "नको बाय. पानी फिरलंय." मला पाणी फिरल्याची एकही खूण दिसत नव्हती. तेव्हा त्याने किल्ल्याकडे बोट न दाखवता आमच्याच पुढ्यात, किनाऱ्यालगतच्या सखल भागाकडे दाखवलं. तिथे वीतभर पाण्याचा एक पट्टा चमकत होता आणि त्यातला एक माडाचा झाप सावकाश उत्तरेकडे चालला होता. आम्ही किनाऱ्यावरच डबे खाल्ले. मुलं फुरंगटली. तासाभराने त्या सखल भागात कमरेइतकं पाणी होतं, आणि त्याच्या पलीकडची वाळू तरीही कोरडीच!

त्या दिवशी जे कळलं ते नंतर मी दर सहलीला फळ्यावर काढून दाखवत असे. भरती समोरून चाल करून येते असं आपल्याला वाटतं. सपाट पुळणीवर ती आधी मागून येते. किनारा आणि तुम्ही यांच्यामध्ये जे खोलगट चर असतात ते पहिल्यांदा भरतात. तुम्ही उंचवट्यावर कोरड्या पायाने उभे, लाटा अजून लांब, फोटो काढणं चाललंय, आणि परतीची वाट गेलेली. दुसरं असं की पाणी सहा तास एकाच चालीने चढत नाही. जुनी माणसं बारा भाग कल्पून सांगतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासात "अजून काही फारसं आलं नाही" म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन उभं राहतं. शिवाय भांगाच्या दिवसांत किल्ल्याच्या वाटेवरचं पाणी पुरतं हटतच नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

आता चिखलाकडे वळते. मुंबईत पायधुणी नावाची वस्ती आहे. तिथल्या गर्दीतून जाताना नावाचा अर्थ कुणाच्या मनातही येत नसेल. मुंबई ही सात बेटं होती आणि मधून खाडीचं पाणी आत यायचं, तेव्हा सुकतीला लोक चिखल तुडवत पलीकडे जात आणि इथे येऊन पाय धूत, म्हणून पायधुणी, असं सांगितलं जातं. शेजारची उमरखाडी तर नावातच खाडी घेऊन बसली आहे. म्हणजे जुन्या मुंबईकराचा रस्ता घड्याळावर चालायचा. सकाळी गेलेला नातेवाईक दुपारच्या भरतीत अडकला की रात्रीपर्यंत यायचा नाही.

इंग्रजांनी या प्रश्नावर तिसरा उपाय केला, समुद्र अडवण्याचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळीमधली खिंड बंद झाली, मग शीवचा बांध आला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र तरीवरच भिस्त होती आणि तिथे होड्या उलटून माणसं मरत. सरकार पैसे काढेना. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःचे दीड लाखांहून अधिक रुपये दिले, अट एवढीच की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. १८४५ मध्ये तो माहीमचा बांधरस्ता खुला झाला. लेडी जमशेटजी रोड हे नाव रोज तोंडात असतं, पण एका बाईने चिखलातून आणि भरतीतून लोकांची सुटका केली ही गोष्ट किती जणांना माहीत असेल? (समुद्र अडवायचा प्रयत्न आपल्याकडे त्याआधीही झाला होता. जंजिरा घेण्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये दंडा-राजपुरीकडून समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला. तो अपुरा राहिला.)

बांध झाले, पूल झाले, आणि भरतीची वेळ ठाऊक असण्याची गरज संपली. ही सोय मोठी होती यात शंका नाही. पण सोयीबरोबर माहितीही गेली.

ती माहिती गेली कुठे, तर कागदावर. १८७० च्या दशकात सर्वेक्षण खात्याच्या बेअर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कच्छच्या आखातापासून भरतीमापक यंत्रं बसवायला सुरुवात केली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासूनची नोंद आहे. आशियातल्या फार जुन्या नोंदींपैकी ती एक समजतात. या आकड्यांवरून पुढच्या वर्षीच्या भरतीचं भाकीत करायला १८७९ साली लंडनमध्ये खास हिंदुस्थानासाठी एक यंत्र तयार झालं. पितळी चाकं आणि कप्प्या, त्यांच्यावरून फिरणारी एक दोरी. प्रत्येक चाक चंद्राची किंवा सूर्याची एकेक ओढ दाखवणारं. सगळ्यांची बेरीज करून ते एका बंदराचं वर्षभराचं भविष्य काही तासांत कागदावर रेखून देई. मला हे वाचून फार मौज वाटली. आजोबांची पाऊणकी म्हणजे त्याच यंत्रातलं फक्त एक चाक, चंद्राचं! पण हे तक्ते होते जहाजांच्या कप्तानांसाठी. बंदरात किती पाणी असेल, जहाजाचा तळ टेकेल का, एवढाच त्यांचा प्रश्न. पुळणीवरून चालत जाणाऱ्या माणसासाठी कुणी तक्ता छापला नाही. त्याला कोळी होता, पंचांग होतं, पाढा होता.

चिखलाचं शास्त्र मात्र बऱ्याच उशिरा तपासलं गेलं. सिनेमात दाखवतात तसा माणूस चिखलात डोक्यापर्यंत गडप होतो, हे खोटं आहे. २००५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं, की रुतवाळू माणसापेक्षा जड असते, त्यामुळे माणूस साधारण निम्मा आत जातो आणि तरंगतो. मग मरतो कशाने? अडकलेला पाय एकदम ओढून काढायला जी ताकद लागते ती मोटार उचलण्याइतकी, असं त्यांनी मोजलं. म्हणजे माणूस बुडत नाही, खिळला जातो. आणि खिळलेल्या माणसाकडे भरती आपल्या वेळेवर येते.

आमच्याकडे खाडीच्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या काढायला जाणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या चालत तशाच. पाऊल हलकं, जलद, एका जागी थांबणं नाही, शक्यतो तिवरांच्या कडेने, जिथे मुळांनी चिखल धरून ठेवलेला असतो. पाय गेलाच तर दुसऱ्या पायावर जोर द्यायचा नाही. मागे बसायचं, पाठीवर रेलायचं, अंग पसरायचं, आणि पाय सावकाश हलवत हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं. लुगडं खराब होतं, जीव वाचतो. मदतीला जाणाऱ्याने उभ्याने जवळ जायचं नाही, नाहीतर दोघं अडकतात. फळी, वल्हं, झाप, जे मिळेल ते पुढे टाकायचं.

हे सगळं ज्ञान माणसांच्या डोक्यात असतं तेव्हा ते टिकवायचं कसं, याचं एक उदाहरण इंग्लंडात आहे. माझी पुतणी लँकेशायरात राहते. तिच्याकडून पहिल्यांदा मोर्कमच्या उपसागराचं नाव ऐकलं आणि मग मिळेल ते वाचून काढलं. तिथे सुकतीला मैलोन् मैल वाळू उघडी पडते. रेल्वे यायच्या आधी, म्हणजे १८५७ च्या आधी, लोकांचा, घोडागाड्यांचा, टपालाचा रस्ता त्या वाळूवरूनच जाई. वाळू सरकते, नद्या पात्र बदलतात, कालची वाट आज दलदल होते. म्हणून सोळाव्या शतकापासून तिथे एक अधिकृत वाटाड्या नेमलेला असतो. पगार वर्षाला पंधरा पौंड आणि राहायला घर! १९६३ पासून २०१९ पर्यंत सेड्रिक रॉबिन्सन नावाचे कोळी गृहस्थ हे काम करत होते. ते आधी स्वतः वाळूत जाऊन काठीने चाचपून पाहत, वाटेवर झाडाच्या फांद्या रोवून ठेवत आणि मग शेकडो लोकांना पलीकडे नेत. भडोचच्या राजाच्या कोळ्यांचीच ही चाकरी, फक्त अजून चालू असलेली.

पण त्याच वाळूवर ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री किमान २१ चिनी मजूर बुडाले. चोरट्या मार्गाने आणलेली गरीब माणसं, मुकादम त्यांना अंधारात शिंपल्या वेचायला न्यायचा. भाषा येत नाही, किनारा माहीत नाही. पाणी वाढल्यावर त्यांतल्या एकाने चीनमधल्या आपल्या घरी फोन केला होता. मी पंचांगाचा हिशोब करून पाहिला. ६ फेब्रुवारीला पौर्णिमा होती. म्हणजे ऐन उधाण. आणि योगायोगाने त्या किनाऱ्यावरही पौर्णिमेची भरती आमच्यासारखीच बाराच्या सुमाराची. रात्री बाराची भरती, म्हणजे आठ-नऊ वाजता पाणी सगळ्यात जोरात चढणार. आमच्याकडच्या चौथीतल्या पोरानेही सांगितलं असतं. वाटाड्या त्याच किनाऱ्यावर राहत होता. त्या रात्री त्या मजुरांबरोबर मात्र कुणी नव्हतं. पुढे मुकादमाला चौदा वर्षांची शिक्षा झाली, मजूर पुरवणाऱ्यांसाठी नवा कायदाही त्याच साली झाला.

आपल्याकडची गोष्ट लिहिताना हात जड होतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर मुलं मोजत सहली नेल्या त्यांना त्या रात्री झोप लागली नसेल. मला तरी लागली नाही. दोष कुणाचा याची चर्चा तेव्हा खूप झाली, ती मला इथे उगाळायची नाही. एवढंच पाहिलं, की त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. आठ पाऊण सहा. संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे ती सबंध दुपार पाणी चढत होतं. आणि अष्टमी म्हणजे भांग. समुद्र उधाणलेला नव्हता, भीती वाटावी असं डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

त्यानंतर किनाऱ्यांवर पाट्या वाढल्या, काही ठिकाणी जीवरक्षक आले, चांगलं झालं. पण पाट्या वाचून पाहा. "धोका", "समुद्रात जाऊ नये". पाटी चोवीस तास तेच सांगते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. सकाळी अकराला सुकतीच्या वेळी शेकडो लोक तिच्या नाकावर टिच्चून पाण्यात खेळून येतात आणि त्यांना काही होत नाही. मग दुपारच्या माणसाने ती खरी का मानावी? माझ्या मते पाटीवर एक घड्याळाची तबकडी आणि दोन काटे असावेत, आजची भरती आणि आजची सुकती, आणि रोज सकाळी कुणीतरी ते फिरवावेत. एखाद्या स्थानिक कोळ्याला या कामाचे महिन्याला थोडे पैसे द्यावेत. खर्च फार नाही. पावसाळ्यात मुंबईत मोठ्या भरतीचे दिवस आधी जाहीर होतात, तसं बारमाही, गावोगावी.

मोबाईलवर आता भरतीच्या वेळा मिळतात हे मला माहीत आहे, नातवाने दाखवलंय. पण ते बघायचं असतं हे सुचायला आधी भरतीला वेळ असते हे ठाऊक हवं ना! मुंबई-पुण्याहून पहाटे निघून आलेली मंडळी हॉटेल, मासळी, परतीच्या रस्त्यावरची गर्दी, सगळ्याची चौकशी करून येतात. तिथी विचारणारा मला अजून भेटला नाही. गाड्या पुळणीवर नेतात, ओल्या वाळूत चाकं रुततात, आणि मग बैलजोडी शोधत फिरतात. वाळू घट्ट दिसली तरी ओली असेल तर ती चाकाखाली सैल होते, जास्त फिरवलं की जास्त खाली जाते, पायाचंच शास्त्र.

असो. हे लिहायला निमित्त असं, की धाकट्या जावेकडची मंडळी पुढच्या महिन्यात सहकुटुंब अलिबागला यायची आहेत आणि किल्ला बघायचाच असा मुलांचा हट्ट आहे. ती हे वाचतात म्हणून इथेच कळवते. तुम्ही ठरवलेल्या रविवारी चतुर्थी आहे. चार पाऊण तीन, दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला सुकती. आठला किनाऱ्यावर हजर राहायचं, दहाच्या आत सगळ्यांनी परत अलीकडच्या वाळूवर. पोह्यांचं मी बघते, ते आल्यावर मिळतील.